सोलापुरात दिव्यांग मुलाच्या सांभाळाची सोय: माणूस, जागा आणि पैसा

बदली होऊन सोलापुरात आलेलं कुटुंब असो, नाहीतर मुलाच्या उपचारासाठी अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून शहरात खोली घेतलेलं, पहिला प्रश्न एकच असतो: "आमच्या मुलाला दिवसभर ठेवून घेणारं पाळणाघर कुठे आहे?" सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा सगळं एकाच छताखाली होईल अशी जागा इथे क्वचितच हाती लागते, हे आधीच सांगून ठेवते. बहुतेक घरांत दिवस तुकड्यांनी जोडलेला असतो. चार-पाच तास शाळा, आठवड्यातून दोन-तीनदा थेरपी, दुपारी पगारावर सांभाळणारी मावशी, आणि मधल्या फटीत आजी किंवा शेजारच्या वहिनी. पैशाचंही तसंच. एकरकमी मदत देणारी योजना नाही, पण थोडं इथून थोडं तिथून असं बरंच जमतं. फक्त कोणता कागद कुठे चालतो ते माहीत हवं.

आधी मुलाचा दिवस लिहून काढा

माणूस शोधायला निघण्यापूर्वी एक आठवडा वही ठेवा. मूल कधी उठतं, संडासला बसवायला किती वेळ लागतो, एक पोळी भरवायला किती मिनिटं जातात, दिवसातून किती वेळा उचलावं लागतं, कोणत्या आवाजाने बिथरतं, कोणत्या वेळी हमखास रडतं. नळाला पाणी येण्याच्या दिवशी घरातली मोठी माणसं कशात अडकतात तेही लिहा. सोलापुरात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आठवडा संपला की तुम्ही स्वतः खरोखर हजर नसता ते तास लाल पेनाने खुणावा. बऱ्याच घरांत असं दिसतं की 'दिवसभराची' वाटणारी गरज खरं तर शाळा सुटल्यापासून आई किंवा बाबा परत येईपर्यंतची असते. पूर्ण दिवसाची बाई आणि साडेतीन तासांची बाई यांच्या पगारात केवढा फरक पडतो ते तुम्हीच धरा.

मग मदत कोणत्या प्रकारची हवी ते ठरवा. काही मुलांना फक्त नजरेची राखण लागते. ऑटिझम असलेलं, धावत सुटणारं मूल यात येतं. ऐकायला सोपं वाटतं, पण हेच काम सगळ्यांत दमवणारं आहे, कारण गेट, गच्ची आणि रस्ता यांवरून नजर क्षणभर हटून चालत नाही. काही मुलांचं सगळं अंगावरचं काम असतं: सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला उचलणं, कपडे बदलणं, भरवणं. इथे ताकद आणि पद्धत दोन्ही लागतात. दहा किलोच्या मुलाला सहज उचलणारी बाई ते मूल पंचवीस किलोचं झालं की पाठ धरते. तिसरा प्रकार वैद्यकीय. वारंवार फिट्स येतात, नळीने अन्न द्यावं लागतं, घशातला कफ मशीनने काढावा लागतो. अशा मुलासाठी रुग्णालयात काम केलेली आया किंवा नर्सच बघा. शेजारची प्रेमळ मावशी कितीही चांगली असली तरी तिच्यावर हा भार टाकणं तिच्यावरही अन्याय आहे.

दाखला आणि यूडीआयडी

पुढच्या जवळजवळ प्रत्येक पैशाच्या दारावर दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, मागतात. म्हणून घर लागल्यावर पहिल्या महिन्यातच हे काम हातात घ्या.

अर्ज ऑनलाइन होतो, केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर. मुलाचा फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा लागतो. मोबाइलवर जमत नसेल तर सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रात भरून मिळतो. अर्ज करताना तपासणीचं रुग्णालय निवडायचं असतं. शहरात बहुतेकांचा रस्ता सिव्हिलकडे, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाकडे जातो. कोणत्या प्रकारच्या दिव्यांगत्वाची तपासणी कोणत्या वारी होते हे एक दिवस आधी एकट्याने जाऊन विचारून या. मुलाला घेऊन चुकीच्या वारी गेलात तर सगळा दिवस वाया जातो आणि पुढच्या वेळी मूल त्या इमारतीत पाऊल टाकायला तयार होत नाही.

जुने सगळे कागद एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा: प्रसूतीच्या वेळचा डिस्चार्ज, एमआरआय, ईईजी, मानसशास्त्रज्ञाचा अहवाल, थेरपीच्या नोंदी. कानाच्या बेरा तपासणीत मूल झोपलेलं असावं लागतं, म्हणून त्या दिवशी त्याला पहाटेच उठवा आणि रिक्षात डुलकी लागू देऊ नका. गर्दी सहन न होणाऱ्या मुलासाठी आवडतं खेळणं, डबा, पाणी बरोबर घ्या, आणि रांगेत उभं राहायला दुसरं माणूस. एकाने रांग धरायची, दुसऱ्याने मुलाला झाडाखाली फिरवायचं.

दाखल्यावर ४० टक्के किंवा अधिक असेल तर बहुतेक लाभ सुरू होतात. यूडीआयडी कार्डाच्या पट्टीचा रंगही टक्क्यांवरून ठरतो: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० आणि वर निळा. लहान मुलांना बऱ्याचदा ठरावीक मुदतीचा दाखला मिळतो. मुदत संपण्याच्या तीन-चार महिने आधीची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा, नाहीतर अनुदान मध्येच थांबतं. ते परत सुरू करण्याचा ताप नव्या अर्जापेक्षा जास्त.

याच फेरीत उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि मुलाच्या नावाचं, पालकासोबतचं बँक खातं करून टाका. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. आपल्या मुलाचा नेमका प्रकार दाखल्यावर कसा लिहिलाय ते तिथेच वाचून बघा. 'बौद्धिक दिव्यांगत्व' आणि 'ऑटिझम' दोन्ही असताना एकच लिहिलं गेलं, तर पुढे एखाद्या योजनेत अडतं.

जागा: वयाप्रमाणे कुठे विचारायचं

सहा वर्षांखालच्या मुलासाठी सुरुवात अंगणवाडीपासून करा. दिव्यांग मुलांना अंगणवाडीत कसं सामावून घ्यायचं याची कार्यपद्धती केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेली आहे. त्यामुळे "आमच्याकडे असली मुलं घेत नाही" हे उत्तर मुकाट ऐकून परत येऊ नका. सेविकेशी भांडूनही उपयोग नाही, तिच्यावर आधीच दहा कामं असतात. पर्यवेक्षिकेला किंवा बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना भेटा. तिथेच 'पाळणा' योजनेबद्दल विचारा. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची ती योजना आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं. त्या दिवशी मुलाला आवर्जून हजर ठेवा. पथकाने चिठ्ठी दिली की पुढच्या तपासण्या आणि लवकरच्या थेरपीचा मार्ग सरकारी व्यवस्थेतूनच खुला होतो.

आई अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल किंवा गारमेंटच्या युनिटमध्ये असेल, तर कामगारांची संख्या विचारा. पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय द्यायची असते, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटू द्यायचं असतं. ही तरतूद २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात आली. प्रत्यक्षात किती ठिकाणी पाळणाघराला कुलूप असतं ते कामगारांना विचारा. तरीही एकटीने मागण्यापेक्षा चार आयांनी मिळून लेखी मागणं केव्हाही बरं.

खाजगी पाळणाघरात जाताना मुलाला पहिल्या भेटीत नेऊ नका. एकट्याने जा, तेही दुपारी, झोपेच्या वेळी. किती मुलांमागे किती बायका आहेत ते स्वतः मोजा. संडास बघा. मग मुलाबद्दल सांगा, काही न लपवता. लपवून घातलेलं मूल आठव्या दिवशी परत येतं. बाई म्हणाली, "रोज दोन तास आणून बघू," तर तिथे थांबा. पहिल्याच मिनिटाला "काही काळजी करू नका, सगळं होतं" म्हणणारीपासून जरा सावध राहिलेलं बरं.

सहा वर्षांनंतर सांभाळाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत स्वस्त तुकडा म्हणजे शाळा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या नियमित शाळेत किंवा विशेष शाळेत. खाजगी शाळेतल्या आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांमध्ये दिव्यांग मुलं वंचित घटकात मोडतात, तिथे उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हे पुष्कळ पालकांना कुणी सांगतच नाही. नियमित शाळेत घातलंत तर 'समग्र शिक्षा' या सरकारी शालेय योजनेतले विशेष शिक्षक, वाहतूक भत्ता, मदतनीस भत्ता, आणि मुलगी असेल तर महिन्याला २०० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता (वर्षातले दहा महिने) यांची मुख्याध्यापकांकडे चौकशी करा. मूल शाळेत जाऊच शकत नसेल तर गृहाधारित शिक्षणाची सोय आहे, शिक्षक घरी येतात. पण ते आठवड्यातले थोडे तास असतात, त्याला सांभाळ समजू नका.

विशेष शाळा बघताना दोन कागद विचारा. एक, संस्थेचं दिव्यांग कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र. त्याशिवाय दिव्यांगांसाठी संस्था चालवता येत नाही. दुसरा, शिक्षकांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक. विशेष शिक्षक, वाचा-श्रवण तज्ज्ञ आणि क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ या परिषदेत नोंदलेले असतात. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंदणी वेगळी, राज्याच्या परिषदेकडे. जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त विशेष शाळांची यादी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात मागा. पूनम गेटमधून आत गेलात की कुणीही दाखवेल. अनुदानित आणि विनाअनुदानित असा फरक विचारून घ्या, कारण खर्च त्यावर ठरतो. गाडी कुठपर्यंत येते, गाडीत बाई असते का, मुलांचे कपडे बदलायला मदतनीस किती, हे प्रश्न अभ्यासक्रमाच्याही आधी विचारा.

निवासी शाळेचा प्रश्न येतोच, विशेषतः गावाकडून आलेल्या आणि इथे खोलीचं भाडं न परवडणाऱ्या घरांत. अंध किंवा कर्णबधिर मुलाला ब्रेल किंवा खुणांची भाषा शिकायला निवासी शाळेचा खरोखर फायदा होतो. बोलू न शकणाऱ्या, स्वतःचं सांगू न शकणाऱ्या लहान मुलाच्या बाबतीत मात्र मी हात आखडता घेईन. घेतलंच तर न कळवता भेटायला जाता येतं का, हे प्रवेशाआधी विचारा. उत्तर 'नाही' असेल तर मूल तिथे ठेवू नका.

मावशी शोधताना

वर्तमानपत्रातली जाहिरात किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवरचा निरोप यापेक्षा इतर पालक जास्त उपयोगी पडतात. विशेष शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभे राहा, अर्ध्या तासात तुम्हाला शहराची खरी यादी मिळते. शाळेतल्या मदतनीस बायकांना दुपारनंतर काम हवं असतं आणि त्यांना मुलं हाताळायची सवय असते. निवृत्त अंगणवाडी मदतनीस, रुग्णालयातल्या आया, फिजिओकडे येणाऱ्या इतर मुलांचे आईवडील, सगळ्यांना सांगून ठेवा.

पूर्वभागात राहत असाल तर विडी वळणाऱ्या शेजारणीकडे मूल ठेवण्याचा विचार सहज मनात येतो. ती घरीच असते, माया असते, विश्वासाची असते. पण ज्या खोलीत तंबाखू पसरलेली आहे तिथे दमा किंवा छातीचा त्रास असलेलं मूल तासन्‌तास नको. तिला तुमच्या घरी बोलवा. आणि पगार ठरवताना लक्षात घ्या की त्या वेळात ती जितक्या विड्या वळली असती तितकी मजुरी तिची बुडते. तेवढं तरी द्यायलाच हवं, आणि वर काही. नाहीतर महिन्याभरात ती सूप-पान घेऊन परत बसेल आणि त्यात तिची चूक नसेल.

भाषेकडे या शहरात विशेष लक्ष द्या. घरी तेलुगू, शाळेत मराठी, मावशी कन्नड, गल्लीत दखनी, हे सोलापुरातल्या मुलाला नवीन नाही, पण उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत आपण घाबरून घरची भाषा बंद करतो. तसं करू नका. मूल ज्या भाषेत आईकडे पाणी मागतं त्याच भाषेची मावशी मिळाली तर उत्तम. नसेल मिळत, तर मुलाचे पंधरा-वीस शब्द आणि खुणा कागदावर लिहून द्या: 'नीळ्ळु' म्हणजे पाणी, कान ओढतो म्हणजे आवाज नको, बोट चावतो म्हणजे संडासला जायचंय. मावशीला वाचता येत नसेल तर तुमच्या मोबाइलवर व्हिडिओ करून दाखवा. स्पीच थेरपिस्टलाही हीच यादी द्या.

भेटीत डिग्री विचारण्यापेक्षा प्रसंग विचारा. "जेवताना ठसका लागला तर काय कराल?" "दुकानात आडवा पडून ओरडायला लागला तर?" उत्तर बरोबर असण्यापेक्षा ती ऐकून घेते का ते बघा. "एक थोबाडीत दिली की गप्प बसतात" असं हसत हसत म्हणाली तर चहा पाजून निरोप द्या.

पहिला आठवडा तुम्ही किंवा आजी घरात असाल असा ठेवा. रजा काढावी लागली तरी काढा, ती वसूल होते. या दिवसांत तिला हाताने करून दाखवायच्या गोष्टी ठरलेल्या असाव्यात. भरवताना मूल ताठ बसलेलं हवं, आडवं झोपवून भरवायचं नाही. उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यात वाकायचं. फिट आली तर मुलाला कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवायच्या, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांपुढे गेली तर वाट न बघता रुग्णालय. तोंडात चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलंय, कारण गल्लीतली चार माणसं धावत येऊन हेच करायला लावतात आणि तेव्हा मावशीला ठामपणे "नको" म्हणता यायला हवं.

सुरक्षिततेची बोलणी संकोच न करता करा. आधार कार्डाची प्रत घ्या, आधी काम केलेल्या दोन घरी फोन करा, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या. अंघोळ आणि कपडे बदलण्याच्या वेळी दार कसं असावं, घरात तेव्हा कोण असावं, मावशीचा भाऊ-दीर घरी येऊ शकतो का, हे पहिल्याच दिवशी ठरवा. कॅमेरा लावणार असाल तर तिला सांगून लावा. जे मूल बोलून सांगू शकत नाही त्याचं अंग रोज अंघोळीच्या वेळी बघा. अचानक झोप उडणं, एखाद्या व्यक्तीला बघून आक्रसणं, परत अंथरूण ओलं करणं, याकडे 'हट्ट' म्हणून दुर्लक्ष करू नका. शंका आली तर १०९८ वर फोन करा. हा क्रमांक चोवीस तास चालतो.

तिचा पगार

घरकामाचा दर आणि या कामाचा दर एकच धरू नका. तासांप्रमाणे ठरवा, महिन्याच्या चार सुट्ट्या पगारी ठेवा, दिवाळीला बोनस द्या, आणि पगार यूपीआयने किंवा सही घेऊन द्या. एका कागदावर वेळ, काम, सुट्टी, पगाराची तारीख आणि सोडण्याआधी किती दिवस सांगायचं हे लिहून दोघांनी सही करा. धुणं-भांडी यात घुसडू नका. मुलावर नजर ठेवायला आणलेली बाई मोरीत बसली की राखण संपली.

परवडत नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून एक मावशी ठेवायची पद्धत जुळे सोलापूर, होटगी रोडसारख्या भागात सहज जमू शकते, कारण एकाच शाळेची मुलं जवळजवळ राहतात. समजा मावशीचा पगार नऊ हजार ठरला आणि तीन घरं असतील, तर प्रत्येकी तीन हजार. फक्त मुलं एकमेकांना चालतात का ते आधी बघा. आवाज करणारं मूल आणि आवाजाने घाबरणारं मूल एका खोलीत ठेवलं तर मावशी पहिल्याच आठवड्यात काम सोडेल.

पैसा कुठून

मावशीचा पगार थेट देणारी सरकारी योजना धरून चालू नका. पण औषध, थेरपी, प्रवास, साधनं यांचा खर्च योजनांवर गेला की घरातला तेवढा पैसा मावशीसाठी मोकळा होतो. हिशेब तसाच मांडा.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना सर्वांत आधी घ्या. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही. नोंदणी शुल्क दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला २५० रुपये, इतरांना ५०० रुपये. दुसऱ्या कुठल्याही विम्यात सहसा न मिळणारी गोष्ट यात आहे: बाह्यरुग्ण उपचार आणि नियमित थेरपीचा खर्च, अर्थात ठरवलेल्या उपमर्यादेत. पैसे आधी तुम्ही भरायचे आणि नंतर परत मिळवायचे, म्हणून थेरपिस्टकडून दर वेळी तारीख-शिक्क्याची पावती घ्या. फक्त अंधत्व किंवा फक्त श्रवणदोष असलेल्या मुलांना ही योजना लागू नाही.

राज्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना तहसील कार्यालयातून चालते. दिव्यांगांसाठीचं अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये झालं आहे. अडचण उत्पन्नाच्या मर्यादेची: दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत. महिन्याला सव्वाचार हजारांच्याही खाली कमावणारं घर शहरात भाडं कसं भरतं हे मर्यादा ठरवणाऱ्यांनाच ठाऊक. तरी रोजंदारीवरच्या, एकट्या आईच्या घरांनी अर्ज करून बघावा. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याच्या अहवालावर निघतो, त्याला खरी परिस्थिती नीट सांगा.

महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना वेगळी आहे, महिन्याला २,२५० रुपयांची. एक पालक गमावलेली मुलं तिच्यात येतात हे सगळ्यांना माहीत असतं, गंभीर दिव्यांगत्व असलेली मुलंही तिच्यात येतात हे कमी जणांना. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज द्यायचा, निर्णय बालकल्याण समिती घेते आणि त्याआधी घरी पाहणी होते.

महापालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांनी स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. शहरात राहत असाल तर इंद्रभवनात, म्हणजे महापालिकेत, गावात असाल तर ग्रामसेवकाकडे विचारा: यंदा या निधीतून काय देणार, अर्ज कधी? फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईने खर्च करण्यापेक्षा दिवाळीआधी मागणारा पालक त्यांनाही बरा वाटतो.

साधनांसाठी केंद्राची 'एडिप' योजना. कुटुंबाचं मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, ३० हजारांपर्यंत निम्म्या किमतीत. व्हीलचेअर, सीपी चेअर (सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला आधार देऊन बसवणारी खुर्ची), श्रवणयंत्र, बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी शैक्षणिक संच यात मिळतात. सांभाळाच्या दृष्टीने सीपी चेअरचं मोल मोठं आहे. मूल नीट आधाराने बसलं की भरवणं अर्ध्या वेळात होतं आणि मावशीची पाठ वाचते. मापं घेण्याची शिबिरं लागतात, त्यांच्या तारखा शाळेच्या बाईंना आधी कळतात. खुर्ची मुलाच्या मापाचीच घ्या, मोठी घेतली तर आधार मिळत नाही.

पगारदार असाल तर आयकरातली सवलत, जुन्या कायद्यात ८०डीडी म्हणून ओळखली जाणारी. ४० टक्क्यांपासून ७५ हजार, ८० टक्के किंवा वर १ लाख २५ हजार रुपयांची वजावट. प्रत्यक्ष खर्च कितीही असो, वजावट ठरलेली पूर्ण मिळते. २० टक्क्यांच्या टप्प्यात ७५ हजारांवर उपकरासह १५,६०० रुपये वाचतात. मात्र ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत आहे. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तसाही कर लागत नाही, म्हणून बहुतेक मध्यमवर्गीय घरांना आता तीच परवडते. दोन्ही हिशेब मांडून बघा.

सरकारी नोकरीत असाल तर रजा हाही पैसाच. केंद्राच्या नोकरीत असलेल्या आईला बालसंगोपनासाठी ७३० दिवसांपर्यंत रजा असते आणि दिव्यांग मुलासाठी मुलाच्या वयाची अट लावली जात नाही. राज्य कर्मचाऱ्यांसाठीही दिव्यांग अपत्याच्या संगोपनाची विशेष रजा आहे. आस्थापना शाखेत शासन निर्णयाची प्रत मागा, तोंडी "तसं काही नाही" यावर थांबू नका. ही रजा सलग संपवण्याऐवजी शस्त्रक्रिया, नवी मावशी आणि मे महिना यांसाठी राखून ठेवा.

प्रवासाचं थोडक्यात: एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत, दिव्यांगत्व ६५ टक्क्यांहून जास्त असेल तर सोबत्याला निम्मं भाडं. रेल्वेत बौद्धिक दिव्यांग मुलासोबत जाणाऱ्यालाही मुलाइतकीच सवलत मिळते, स्लीपर आणि थ्री एसीत ७५ टक्के. पुण्याला तपासणीसाठी दर तीन महिन्यांनी जाणाऱ्या घराला हे जाणवतं. त्यासाठी रेल्वेचं वेगळं सवलत ओळखपत्र आधी काढून घ्या.

मूल १८ च्या जवळ आलं असेल तर निरामयच्या चार प्रकारांत मोडणाऱ्यांनी कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे करायचा असतो.

सोय कोलमडते ते दिवस

वर्षातले काही दिवस आधीच माहीत असतात. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, शाळा बंद, रस्ते बंद, मावशीच्या घरी पाहुणे. एप्रिल-मेमध्ये शाळा नाही आणि ऊन ४२-४३ अंशांवर. या काळात मावशीचे तास वाढवावे लागतात, म्हणून दर महिन्याला थोडी रक्कम त्यासाठी बाजूला टाका. फिट्स येणाऱ्या किंवा औषधांवर असलेल्या मुलाला दुपारी बाहेर काढायचं नाही, पाणी किती वेळाने द्यायचं, हे मावशीला घड्याळाच्या वेळेने सांगा. दोन पालकांनी सुट्ट्या वाटून घ्या: तुमची मुलं आमच्याकडे मंगळवारी, आमची तुमच्याकडे शुक्रवारी.

न सांगता येणारे दिवसही येतातच. मावशीची सासू आजारी, मावशीचं बाळंतपण, मावशीला गारमेंटमध्ये जास्त पगार. त्यासाठी दुसरी एक बाई महिन्यातून दोन दिवस, पगार देऊन, घरी येत ठेवा. मूल तिला ओळखतं, तिला मूल कळतं. पहिली मावशी जाणार असं कळलं तर जाणारीच्या शेवटच्या आठवड्यात येणारीला बोलवा आणि दोघींना एकत्र पगार द्या. जाणारी जे दाखवते ते तुम्हालाही माहीत नसतं: कोणत्या बाजूने धरलं की मूल तोंड उघडतं, कोणतं गाणं लावलं की औषध गिळतं. एका कागदावर औषधांची नावं आणि वेळा, ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर, जवळच्या रुग्णालयाचा रस्ता आणि दोन शेजाऱ्यांचे नंबर लिहून स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवा. औषधाचा डोस बदलला की त्याच दिवशी जुना कागद काढून नवा लावा.